सीसीआयई लॅबची आखणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात एका नेटवर्क ऑपरेशन सेंटरमध्ये रात्रपाळ्या करत मी सीसीआयई एंटरप्राइझ इन्फ्रास्ट्रक्चरची लॅब दिली, म्हणजे सिस्को या नेटवर्किंग कंपनीच्या तज्ज्ञ-पातळीच्या प्रमाणपत्राची प्रात्यक्षिक परीक्षा. पहिल्यांदा नापास झालो, दुसऱ्यांदा निघाली. तेव्हापासून ओळखीचे आणि ओळखीच्यांचे ओळखीचे असे बरेच जण विचारत असतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. परीक्षेत काय आलं होतं ते इथे मिळणार नाही. ते बाहेर न सांगण्याचा करार मी मान्य केलाय आणि तो पाळणार आहे. खरं तर त्याची गरजही नसते. ज्यांची ही परीक्षा हुकते त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना विषय चांगला येत असतो. हुकतं ते प्रश्न शांतपणे वाचणं आणि केलेलं काम तपासून बघणं. माझंही तिथेच हुकलं होतं, आणि खालच्या बहुतेक उत्तरांचा रोख त्याच दिशेला आहे.

ही परीक्षा नेमकी असते कशी?

एका दिवसात, सिस्कोच्या परीक्षा केंद्रात बसून, ८ तास. त्याचे दोन भाग आहेत. पहिला डिझाइनचा, ३ तासांचा. यात राउटरला हात लावायला मिळत नाही. एका काल्पनिक कंपनीचे ईमेल, आकृत्या, अपेक्षा, अडचणी समोर येतात आणि त्यांवरून निर्णय घ्यायचे असतात. एकदा उत्तर देऊन पुढे गेलात की मागे येता येत नाही. दुसरा भाग ५ तासांचा, त्याचं नाव 'डिप्लॉय, ऑपरेट अँड ऑप्टिमाइझ'. यात नेटवर्क प्रत्यक्ष बांधायचं, बिघडलेलं दुरुस्त करायचं आणि चालतंय ते सुधारायचं. इथे मागेपुढे जाता येतं. डिझाइन अडीच तासांत उरकलं म्हणून अर्धा तास दुसऱ्या भागाला जोडून मिळत नाही.

पास व्हायला दोन्ही भागांत किमान गुण लागतात आणि शिवाय एकूण गुणही पुरेसे लागतात. म्हणजे दुसऱ्या भागात कितीही चांगलं केलं, तरी डिझाइनमध्ये किमान रेषेखाली गेलात तर नापास.

ही रचना २४ फेब्रुवारी २०२० पासूनची. त्या दिवशी सिस्कोनं आपली सगळी प्रमाणपत्रं नव्यानं मांडली आणि जुन्या 'राउटिंग अँड स्विचिंग'च्या जागी एंटरप्राइझ इन्फ्रास्ट्रक्चर आलं. मुळात सीसीआयई १९९३ सालची. सुरुवातीला लॅब दोन दिवस चालायची, २००१ साली ती एका दिवसावर आली. पास होणाऱ्याला जो क्रमांक मिळतो त्याची सुरुवात १०२४ पासून झाली आणि तो पहिला क्रमांक कुणा माणसाला न देता लॅबलाच दिला गेला. मला ही गोष्ट फार आवडते.

आधी सीसीएनए आणि सीसीएनपी या खालच्या पातळीच्या परीक्षा कराव्याच लागतात का?

नियमानं नाही. ३५०-४०१, म्हणजे ज्याला सगळे एनकोर म्हणतात, तो १२० मिनिटांचा पेपर पास झालात की लॅबची तारीख घेता येते. एनकोरनंतर ३ वर्षांच्या आत लॅब द्यायची. सिस्को स्वतः ५ ते ७ वर्षांच्या अनुभवाची शिफारस करते, पण ती अट नाही.

तरीही दोन वर्षांपेक्षा कमी अनुभव असलेल्यांना मी थांबा म्हणतो. बुद्धी कमी पडते असं नाही. रात्री अडीचला लिंक पडलीय, समोरून ग्राहक फोनवर आहे आणि तुम्ही एकेक शक्यता खोडत चाललायत, हा अनुभव पुस्तकातून मिळत नाही, आणि दुसऱ्या भागातल्या पाच तासांत तोच कामाला येतो.

किती तास अभ्यास लागतो?

माझा हिशेब ८०० तासांचा होता आणि तो जवळपास खरा ठरला. कामाच्या पाच दिवसांत रोज २ तास, शनिवार-रविवार मिळून १०, म्हणजे आठवड्याला २०. असे ४० आठवडे. कुणी नोकरी सोडून चार महिन्यांत करतं, कुणाला दोन वर्षं लागतात. महिने मोजू नका, तास मोजा. मी वहीत रोजचे तास लिहायचो आणि त्यात फक्त कीबोर्डवर हात असलेले तास धरायचो. व्हिडिओ बघितला तो धरायचा नाही. हा नियम लावल्यावर पहिल्या महिन्यात कळलं की मी ज्याला अभ्यास म्हणत होतो त्यातला निम्मा वेळ नुसता बघण्यात जात होता.

आणि ४० आठवडे मोजताना कॅलेंडर समोर ठेवा. गणपतीचे दहा दिवस, दिवाळी, घरातलं एखादं लग्न. या दिवसांत अभ्यास होईल असं धरून आखणी केली की ती मोडते आणि मग उरलेल्या आखणीवरचाही विश्वास उडतो. ते आठवडे आधीच कोरे सोडा.

ब्लूप्रिंट कसा वापरायचा?

सिस्को परीक्षेच्या विषयांची यादी, म्हणजेच ब्लूप्रिंट, उघडपणे प्रसिद्ध करते आणि त्यात भारांकही असतो: नेटवर्क इन्फ्रास्ट्रक्चर ३० टक्के, सॉफ्टवेअर-डिफाइन्ड इन्फ्रास्ट्रक्चर २५, आणि ट्रान्सपोर्ट, सुरक्षा व सेवा, ऑटोमेशन या तिघांना प्रत्येकी १५. ८०० तासांची या प्रमाणात वाटणी केली तर २४०, २००, आणि तीनदा १२० असे आकडे येतात. सुरुवातीला हे ठीक आहे, पण त्याला चिकटून बसू नका. स्विचिंग, आणि ओएसपीएफ, ईआयजीआरपी, बीजीपी हे राउटिंग प्रोटोकॉल (राउटर एकमेकांना मार्ग कळवतात त्या पद्धती) नावाला ३० टक्क्यांत आहेत. पण लेबल लावून पॅकेट नेणारं एमपीएलएस असो, शाखांमध्ये टनेल बांधणारं डीएमव्हीपीएन असो की एसडी-ॲक्सेसचा (सॉफ्टवेअरनं चालवल्या जाणाऱ्या ऑफिसच्या नेटवर्कचा) अंडरले, म्हणजे खालचं मूळ नेटवर्क असो, पाया तोच. मी त्यांवर ३०० तासांच्या वर घालवले आणि त्यातला एकही वाया गेला असं वाटत नाही.

यादीतली प्रत्येक ओळ एका तक्त्यात उतरवा आणि समोर तीन रकाने आखा: वाचलं, बांधलं, मोडून दुरुस्त केलं. पहिला रकाना भरायला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी उपयोगाचा. तिसऱ्या रकान्यात खूण झाल्याशिवाय तो विषय झाला असं म्हणायचं नाही.

'खोलवर' अभ्यास म्हणजे किती खोल?

हा मला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो, म्हणून एक उदाहरण पूर्ण सांगतो.

समजा एका बाजूला ओएसपीएफ आहे, दुसऱ्या बाजूला ईआयजीआरपी, आणि मधे दोन राउटर आहेत, आर-१ आणि आर-२. दोघांवर दोन्ही दिशांनी रीडिस्ट्रिब्यूशन चालू आहे, म्हणजे एका प्रोटोकॉलमधले मार्ग ते दुसऱ्यात सोडतात. ईआयजीआरपीच्या बाजूला कुठेतरी एक नेटवर्क बाहेरून आत घेतलंय, म्हणजे ते एक्सटर्नल आहे. त्याचा ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स १७०. (हा मार्गावरच्या विश्वासाचा आकडा, जितका कमी तितकी पसंती जास्त.) आर-१ ते ईआयजीआरपीतून शिकतो आणि ओएसपीएफमध्ये सोडतो. आता आर-२ ला तेच नेटवर्क दोन बाजूंनी कळतं: ईआयजीआरपीतून १७० नं आणि ओएसपीएफमधून ११० नं. तो ११० निवडतो. म्हणजे जे नेटवर्क त्याच्या शेजारी आहे तिथे जायला तो अख्खं ओएसपीएफ ओलांडून आर-१ कडून वळसा घालतो. वर तो हा ओएसपीएफमधून शिकलेला मार्ग परत ईआयजीआरपीत सोडतो. त्याला दिलेला मेट्रिक, म्हणजे मार्गाची किंमत, जर चांगला निघाला, तर ईआयजीआरपीच्या बाजूचे राउटरही फसतात आणि पॅकेट गोल फिरू लागतं.

इथे बहुतेक जण म्हणतात, टॅग लावा, म्हणजे मार्गावर ओळखीची खूण करा. बरोबर. आर-१ नं सोडलेल्या मार्गाला टॅग, आणि तो टॅग दिसला की आर-२ नं परत ईआयजीआरपीत सोडायचा नाही. फेरा थांबला. पण आर-२ चा वळसा गेला का? नाही गेला. त्याच्या टेबलात अजूनही ११० वालाच मार्ग बसलेला आहे. त्यासाठी त्या मार्गांपुरता डिस्टन्स बदलावा लागतो, किंवा टॅग बघून तो ओएसपीएफचा मार्ग राउटिंग टेबलात येण्यापासून अडवावा लागतो.

आता यातली खरी मेख बघा. वळसा असतानाही पिंग यशस्वी होतो. पाचच्या पाच उद्गारचिन्हं येतात. ज्यानं फक्त पिंग करून बघितलं त्याला वाटतं काम झालं. पॅकेट कुठून कुठून गेलं ते दाखवणारा ट्रेसराउट केला तरच कळतं. आणि कुठला राउटर आधी शिकला त्यावरही बरंच अवलंबून असतं, त्यामुळे आत्ता बरोबर दिसणारं टेबल एखादी लिंक पाडून परत उठवली की वेगळंच दिसू शकतं.

खोल म्हणजे इतकं. आदेश पाठ असणं ही पहिली पायरी. कुठली खूण दिसली की काय बिघडलंय, आणि कुठली खूण फसवी आहे, इथपर्यंत पोहोचायचं. असे २०-२५ सापळे स्वतःच्या हातानं रचून बघा. ओएसपीएफचे शेजारी एक्सस्टार्टवर (जोडणीच्या मधल्या टप्प्यावर) अडकलेत, तर दोन्हीकडचा एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, जुळतो का? डीएमव्हीपीएनच्या तिसऱ्या फेजमध्ये हबवर (मधल्या राउटरवर) रीडायरेक्ट आहे पण स्पोकवर (शाखेच्या राउटरवर) शॉर्टकट लावायचं राहून गेलंय, तर नेमकं काय दिसेल? टनेलचं दुसरं टोक टनेलमधूनच शिकलं जातंय, म्हणून टनेल सारखा उठतोय आणि पडतोय, हे लॉगमध्ये कसं दिसतं? उत्तरं शोधून वाचू नका, घडवून बघा.

घरी लॅब उभी करायला काय लागतं?

खऱ्या राउटर-स्विचची थप्पी आता लागत नाही. चांगली रॅम लागते. सिस्को मॉडेलिंग लॅब्ज, म्हणजे सीएमएल, हे राउटर-स्विच संगणकावरच चालवणारं सॉफ्टवेअर. याची वैयक्तिक आवृत्ती वर्षाला १९९ डॉलरला मिळते आणि तिच्यात एका वेळी २० उपकरणं चालतात. ५ उपकरणांची मोफत आवृत्तीही आहे, पाया पक्का करायला ती पुरते. ईव्ह-एनजी आणि जीएनएस-३ ही तशीच सॉफ्टवेअर मोफत मिळतात आणि उत्तम आहेत, पण राउटरच्या इमेज (राउटरचं स्वतःचं सॉफ्टवेअर) त्यांच्यासोबत येत नाहीत, त्या कायदेशीर मार्गानं मिळवणं तुमच्याकडे राहतं. सीएमएलच्या पैशांत इमेज आल्या. मी म्हणूनच तिकडे गेलो.

रॅमचा हिशेब असा करा: कॅटॅलिस्ट ८०००व्ही या सिस्कोच्या आभासी राउटरची एक प्रत ४ जीबी धरा. आठ घेतल्या की ३२ जीबी गेले. एसडी-वॅनचा (दूरच्या शाखा जोडणाऱ्या, सॉफ्टवेअरनं चालवलेल्या नेटवर्कचा) मॅनेजर एकटाच १६ ते ३२ मागतो. म्हणून ६४ जीबीच्या खाली गेलात तर अडाल, १२८ असेल तर निश्चिंत. कंपन्या बदलून टाकलेले जुने वर्कस्टेशन किंवा सर्व्हर यासाठी चांगले. एवढंच लक्षात घ्या की रॅकमधला सर्व्हर वन बीएचकेमध्ये रात्री फार आवाज करतो. माझ्या मुलीची झोप मोडायला लागली तेव्हा मी तो विकून वर्कस्टेशन घेतलं.

एसडी-वॅन आणि एसडी-ॲक्सेसचा सराव घरी होतो?

एसडी-वॅनचा होतो, आणि पूर्ण होतो. मॅनेजर, कंट्रोलर, व्हॅलिडेटर आणि तीन-चार एज राउटर एवढ्यावर सगळं शिकता येतं. सुरुवातीचे दोन आठवडे फक्त कंट्रोल कनेक्शन उभं करण्यात घालवा. घड्याळ मागेपुढे असेल तर सर्टिफिकेट मानलं जात नाही, ऑर्गनायझेशनच्या नावात एक अक्षर चुकलं तरी एज राउटर आत घेतला जात नाही. या चुका एकदा हातून झाल्या की पुन्हा होत नाहीत.

एसडी-ॲक्सेसचं तसं नाही. ते चालवणारं सिस्कोचं सॉफ्टवेअर, कॅटॅलिस्ट सेंटर, घरच्या यंत्रावर चालवणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे. सिस्कोच्या डेव्हनेट सँडबॉक्स या ऑनलाइन लॅबवर मोफत हात फिरवता येतो, काही ठिकाणी तासावर रॅक भाड्यानं मिळतात. पण त्याच्या पोटातलं तंत्र घरी शिकता येतं: लिस्प कोण कुठे आहे ते सांगतो, व्हीएक्सलॅन पॅकेट वाहून नेतो, आणि एसजीटी या गट सांगणाऱ्या टॅगवर कोणाला कुठे जाऊ द्यायचं ते ठरतं. बॉर्डर, एज आणि कंट्रोल प्लेन ही तीन कामं कागदावर काढून एका पॅकेटचा प्रवास अडखळत न बोलता सांगता आला, की पडद्यावरची बटणं भाड्याच्या ३०-४० तासांत बसतात.

मला प्रोग्रॅमिंग येत नाही. ऑटोमेशनचं काय करू?

घाबरू नका. इथे सॉफ्टवेअर लिहायचं नसतं. पायथॉनमध्ये लूप, डिक्शनरी, फाइल वाचणं, जेएसॉनमधून हवी ती किंमत काढणं एवढं सहज यायला हवं. रेस्टकॉन्फनं एक इंटरफेस वाचणं आणि बदलणं, नेटकॉन्फ ८३० पोर्टवर चालू आहे का ते बघणं (दोन्ही प्रोग्रॅममधून राउटरशी बोलायच्या पद्धती), यांग मॉडेलची, म्हणजे त्या माहितीच्या आराखड्याची, रचना वाचता येणं, आणि काही घडलं की राउटरवरच आपोआप चालणारं ईईएमचं छोटं ॲप्लेट लिहिणं. १५ टक्के गुण सोडून द्यायचे असं ठरवून बसलेले लोक मी पाहिलेत. माझ्या मते हे सगळ्यात स्वस्तात मिळणारे गुण आहेत, कारण विषय मर्यादित आहे. रोजच्या नोकरीतलं एखादं कंटाळवाणं काम पायथॉननं करायला घ्या, उदाहरणार्थ ५० स्विचची कॉन्फिगरेशन रोज रात्री साठवणं. दोन महिन्यांत हात बसतो.

डिझाइन मॉड्यूलची भीती वाटते. माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालंय.

माझंही. दहावीपर्यंत जिल्हा परिषद आणि नंतर गावातलं हायस्कूल. हे मोकळेपणानं बोललं जात नाही, पण डिझाइनच्या तीन तासांत खूप इंग्रजी वाचावं लागतं. महत्त्वाची अट अनेकदा एखाद्या ईमेलच्या मधल्याच वाक्यात असते. ज्याला इंग्रजी मनात मराठीत फिरवून घ्यावं लागतं त्याचा वेग इथे कमी पडतो. विषयाच्या कच्चेपणाशी याचा संबंध नाही आणि यावर इलाजही आहे.

मी रोज २० मिनिटं सिस्कोचे डिझाइन मार्गदर्शक आणि आरएफसी (इंटरनेटच्या मानकांचे दस्तऐवज) वाचायचो, घड्याळ लावून. प्रत्येक परिच्छेदाखाली मराठीत एक ओळ लिहायची: इथे अट काय आहे? 'मस्ट' आणि 'शुड' यांतला फरक, 'विदाउट', 'ओन्ली', 'एक्सेप्ट' हे शब्द दिसले की पेन्सिलीनं गोल. तीन महिन्यांत फरक पडला. विचार मराठीत करायला काहीच हरकत नाही. मी आजही एखादी गुंतागुंत उलगडताना मराठीतच पुटपुटतो.

उत्तर देताना आणखी एक गोष्ट सांभाळा. तुमच्या नोकरीत जे चालतं ते इथे योग्य असेलच असं नाही. 'आम्ही तर नेहमी असंच करतो' हा विचार डिझाइनमध्ये फार नडतो. समोरच्या कागदांत ग्राहकानं जे मागितलंय, त्याच्या बाहेरचं कितीही सुंदर असलं तरी ते उत्तर नव्हे. आणि मागे जाता येत नसल्यामुळे पुढचं बटण दाबायच्या आधी प्रश्नाची शेवटची ओळ पुन्हा एकदा वाचा.

पाच तासांचं वेळापत्रक कसं आखावं?

३०० मिनिटं आहेत. माझं दुसऱ्या वेळचं वेळापत्रक असं होतं:

पहिली २५ मिनिटं कीबोर्डला हात नाही. सगळी कामं वाचायची, आणि कुठलं काम कशावर अवलंबून आहे त्याचे बाण काढायचे. बीजीपीचे शेजारी लूपबॅकवरून (राउटरच्या आभासी इंटरफेसवरून) उभे राहणार असतील तर आधी आयजीपी, म्हणजे ओएसपीएफसारखा आतला प्रोटोकॉल, हवा, हे उघड आहे. पण कधीकधी पुढच्या एखाद्या कामातली अट आधीचं काम कसं करायचं ते ठरवते. ते आधी वाचलं नाही तर अर्धं नेटवर्क उलगडून परत बांधावं लागतं. पहिल्या वेळी माझी ४० मिनिटं अशीच गेली.

मग साधारण २३० मिनिटं काम. एखाद्या ठिकाणी १५ मिनिटांपेक्षा जास्त अडकलो की खूण करून पुढे. हे बोलायला सोपं आहे, करायला फार जड. आपल्याला येतंय हे माहीत असतं, म्हणून सोडवत नाही. घरच्या सरावातही १५ मिनिटांचा गजर लावा, म्हणजे सोडून पुढे जायची सवय होईल. प्रत्येक काम झालं की कॉन्फिगरेशन लगेच साठवा.

शेवटची ४५ मिनिटं पहिल्या कामापासून तपासणी. नवीन काहीही हातात घ्यायचं नाही.

तपासणी इतकी का महत्त्वाची, तर एका कामात पाच अटी असतील आणि चार पुऱ्या झाल्या, तर चार पंचमांश गुण मिळत नाहीत. सगळ्या अटी पुऱ्या झाल्या तर गुण, नाहीतर काही नाही. प्रत्येक अटीसमोर स्वतःला विचारा: हे झालंय हे मला कुठल्या आदेशाच्या उत्तरात दिसलं? आठवणीत असेल ते चालणार नाही, डोळ्यांनी दिसलं पाहिजे. पिंग पुरेसा नाही ते वर सांगितलंच. बरेच पत्ते एकदम तपासायला राउटरवर चालणाऱ्या टीसीएल या स्क्रिप्ट-भाषेतला छोटा लूप हातात बसवून घ्या.

पहिल्या वेळी शेवटच्या दहा मिनिटांत मला एक चूक दिसली आणि मी एका फिल्टरमध्ये ओळ वाढवली. ती चूक सुटली. पण तोच फिल्टर आणखी एका ठिकाणी लागू होता. ते मला खोलीवर परत आल्यावर, हात धुताना आठवलं. म्हणून आता सगळ्यांना सांगतो: शेवटच्या पाऊण तासात दुरुस्ती केलीत तर तो फिल्टर, तो रूट-मॅप (मार्ग गाळायचे नियम) अजून कुठे वापरलाय ते शोधल्याशिवाय एंटर दाबू नका.

प्रश्नाचा अर्थ लागत नसेल तर प्रॉक्टरला, म्हणजे केंद्रातल्या पर्यवेक्षकाला, विचारा. तो उत्तर सांगणार नाही, पण वाक्य कसं घ्यायचं ते पुष्कळदा स्पष्ट होतं.

'खात्रीची लॅब' देणारे क्लास आहेत. पैसे भरू का?

नका भरू. मलाही एकानं परीक्षेतल्या आकृत्या आणि उत्तरं पाठ करून घेतो असं सांगून मोठी रक्कम मागितली होती. हे कराराचं उल्लंघन आहे, सापडलात तर प्रमाणपत्र जातं आणि पुन्हा परीक्षेला बसायची बंदी येऊ शकते. पण त्याहून जास्त मला दुसरी गोष्ट लागते. नोकरीच्या मुलाखतीत समोर बसणाऱ्याला दहा मिनिटांत कळतं. अशी मुलं मी स्वतः मुलाखतीत बघितलीत. क्रमांक आहे, पण साधा मार्ग का निवडला गेला ते सांगता येत नाही. त्यांच्या आईवडिलांनी कर्ज काढून पैसे भरलेले असतात. चांगला शिक्षक जरूर शोधा. तो परीक्षेतलं काही सांगत नाही, तुमचं नेटवर्क मोडून तुमच्या हातात देतो.

घर आणि नोकरी सांभाळून जमतं का?

घरच्यांशी आधी बोललात तर जमतं. बायकोला आणि आईला मी कॅलेंडर दाखवून सांगितलं, या तारखेपर्यंत रविवारी सकाळी मी नाही, पण संध्याकाळ तुमची. ती संध्याकाळ मी पाळली. रात्रपाळीवाल्यांनी पाळीनंतर लगेच लॅब उघडू नये, डोकं चालत नाही आणि चुकीच्या सवयी लागतात. आधी झोप.

एक सोबती शोधा. मी आणि नाशिकचा एक मित्र दर शनिवारी एकमेकांना बिघडवलेली टोपोलॉजी, म्हणजे नेटवर्कची मांडणी, पाठवायचो. त्यानं घातलेले बिघाड मला कधी सुचलेच नसते.

फी किती आणि तारीख कधी घ्यावी?

एनकोरचे ४०० डॉलर आणि लॅबचे १६०० डॉलर, वर कर. रुपयांत लॅबचीच रक्कम सव्वा लाखाच्या वर जाते. फी बदलत असते, त्यामुळे नोंदणी करताना दिसणारा आकडा खरा धरा. काही कंपन्या पास झाल्यावर पैसे परत देतात. एचआरकडून ते लेखी घ्या.

तक्त्यातला तिसरा रकाना ७० टक्के भरला की तारीख घ्या. शंभर टक्क्यांची वाट बघत बसलेले वर्षानुवर्षं बसून राहतात. त्याआधी आठ तासांचे पूर्ण सराव किमान चार वेळा करा, मधे उठायचं ते केवळ जेवायला.

बंगळुरूला जायचं कसं?

भारतातलं कायमचं केंद्र बंगळुरूत आहे. मुंबई-पुण्याहून उद्यान एक्स्प्रेस सोलापूर, कलबुर्गीमार्गे जाते, किंवा सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळीवरून रात्रीच्या बस आहेत. कसंही जा, पण एक पूर्ण दिवस आधी पोहोचा आणि रात्रीच्या प्रवासातून थेट परीक्षेला बसू नका. सिस्कोचं आवार आउटर रिंग रोडवर आहे आणि तिथली सकाळची वाहतूक प्रसिद्ध आहे, म्हणून मुक्काम चालत जाता येईल इतका जवळ घ्या. पत्ता नोंदणीच्या ईमेलवरून पुन्हा तपासा. आदल्या दिवशी पुस्तक उघडायचं नाही. मी लालबागेत फिरलो, इडली-डोसा खाल्ला आणि साडेनऊला झोपलो.

नापास झालो तर?

निकाल साधारण ४८ तासांत येतो. मला तो परतीच्या गाडीत, सोलापूर सोडल्यावर आला. पुढचे दोन तास मी कुणालाच फोन केला नाही. हे होणार, त्याला वेळ द्या.

पण केंद्रातून बाहेर पडलात की त्याच संध्याकाळी एक काम करा, निकाल येण्याच्याही आधी. प्रश्न लिहायचे नाहीत, ते कराराविरुद्ध आहे. स्वतःबद्दल लिहा: कुठल्या विषयात हात थांबला, कुठे दोनदा वाचावं लागलं, कुठे वेळ गेला, कधी थकवा आला. माझ्या त्या पानावर विषयांची नावं तीनच होती. बाकी सगळं घाई, अर्धवट वाचन आणि न केलेली तपासणी यांबद्दल होतं. नापास झालेल्यांच्या निकालपत्रात कुठल्या विभागात किती टक्के मिळाले ते येतं. ते या पानाशेजारी ठेवून बघा.

मग पंधरा दिवस सुट्टी, आणि त्यानंतर तक्ता परत उघडायचा. सगळं पहिल्यापासून करायचं नाही. मी फक्त त्या तीन विषयांवर आणि आठ तासांच्या सरावांवर साडेतीन महिने घालवले. प्रत्येक सरावात शेवटच्या ४५ मिनिटांना कीबोर्ड बाजूला सरकवून आधी कागद समोर घ्यायचो, आणि पहिल्या कामाची पहिली अट मोठ्यानं वाचायचो.